कायदा कोणताही लावा, जमीनमालकाचे संरक्षण तेच हवे

मा. संपादक,

पुरंदर विमानतळासाठी वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांतील संपादनासाठी शासनाने 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाचा आधार घेतला, याची पुण्यात फारशी चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती एकरी दराची. सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा शासनाचा अधिकार मला मान्य आहे. मात्र मालकाला किती संरक्षण मिळेल हे लावलेल्या कायद्यावर ठरावे आणि कोणता कायदा लावायचा हे जमीन घेणाऱ्यानेच ठरवावे, हा उघड अन्याय आहे.

2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आहे, तसेच बहुपीक बागायती जमीन अखेरचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे बंधनही आहे. राज्याने 2018 मध्ये दुरुस्ती करून औद्योगिक विकास, महामार्ग, नगररचना अशा स्वतःच्या कायद्यांखालील संपादन त्याच्या कक्षेबाहेर काढले. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू करण्याची सोय ठेवली, पण एवढी जमीन खरोखर लागते का, कमी जमिनीत भागेल का, हे गावकऱ्यांसमोर तपासण्याची पायरी वगळली गेली.

या तालुक्यातील अंजीर-सीताफळाच्या बागांचा विचार करा. अनेकदा सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते, वारसनोंद रखडलेली असते आणि विहीर भावकीत सामाईक असते. संयुक्त मोजणीच्या दिवशी एखादी पाइपलाइन किंवा बांधावरची झाडे पंचनाम्यात आली नाहीत, तर ती पुढे मोबदल्यात धरून घेण्यासाठी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. त्यात मोजणीच्या वेळी बाईमाणसाचा हिस्सा विचारतो कोण?

सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2024 रोजी कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे सांगणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद 300-अ चा अर्थ लावताना नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणांसह निर्णय हे मालकाचे हक्क असल्याचे सांगितले. केवळ रास्त मोबदला दिला म्हणून संपादनाची प्रक्रिया पूर्ण होत नाही, असेही त्या निकालातून स्पष्ट होते.

म्हणून शासनाने प्रत्येक हरकतीवर कारणांसह लेखी निर्णय मराठीत द्यावा, तो हाती पडेपर्यंत ताबा घेऊ नये आणि राज्याच्या कायद्यांखालील मोठ्या प्रकल्पांनाही सामाजिक परिणामांचे मूल्यांकन पुन्हा बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. पुणे जिल्ह्यातील आमदारांनी हा विषय विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे