जळकं ऑइल फळ्यांना फासायचं नसतं

महोदय,

गॅरेजमधून निघणारं जळकं ऑइल, म्हणजे वापरून झालेलं इंजिन ऑइल, स्लॅब ओतताना लावायच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागलेल्या चौकटींना सर्रास फासलं जातं. डास होऊ नयेत म्हणून डबक्यातही ओततात. केंद्राच्या २०१६च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. इंजिनाच्या झिजेतले धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं त्यात असतात. फळीवरचं ऑइल पावसाबरोबर मातीत उतरतं. शिवाय स्लॅबच्या तेलकट पृष्ठभागावर गिलावा नीट धरत नाही, म्हणजे घरमालकाचंही नुकसानच. फळ्यांसाठी शटरिंग ऑइल वेगळं मिळतं, तेच वापरावं.

खरी गडबड गॅरेजमध्येच होते. कूलंट, ब्रेक ऑइल, पार्ट धुतलेलं रॉकेल, सगळं एकाच ड्रममध्ये जातं. अशी भेसळ झाली की शुद्धीकरण करणारा कारखाना माल नाकारतो आणि मग तो ड्रम भंगारमार्गे वीटभट्टीवर जळतो किंवा गटारात रिकामा होतो. प्रत्येक द्रवाचा कॅन वेगळाच हवा. ड्रम शेडखाली, झाकण घट्ट, खाली ड्रमभर ऑइल मावेल एवढा ट्रे.

ऑइल फिल्टरकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. तो इंजिन गरम असतानाच काढावा, वरच्या घुमटाला भोक पाडावं आणि तोंड खाली करून रात्रभर जाळीवर ठेवावा. भोक नसेल तर हवा शिरत नाही आणि बरंच ऑइल आतच अडकतं. सांडलेल्या ऑइलवर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका. तो भुसा आणि तेलकट चिंध्या घंटागाडीत देऊ नयेत. त्यांची जागा तळोजा, रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्रांत.

साठवण एरवी नव्वद दिवसांपर्यंतच चालते. ऑइल देताना घेणाऱ्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र मुदतीत आहे का, ते पाहा. मालासोबतच्या सातप्रती मॅनिफेस्टमधली, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्रातली, निळी प्रत कारखान्याकडून परत आली, तरच माल तिथं पोचला असं समजावं.

अडचण छोट्या गॅरेजची आहे. दिवसाला चार दुचाकींचं ऑइल बदललं तरी दोनशे लिटरचा ड्रम भरायला दोन महिने लागतात आणि एका ड्रमसाठी गाडी येत नाही. भंगारवाला मात्र दारात उभा असतो, रोख पैसे घेऊन. महापालिकेने मंडळाची परवानगी घेऊन प्रभागनिहाय संकलन केंद्र सुरू करावं आणि महिन्यातला एक दिवस ठरवून ऑइल, फिल्टर, चिंध्या एकत्र उचलाव्यात.

– एक वाचक, पिंपरी