कर्णा ग्रामपंचायतीवर हवा

महोदय,

आपत्तीचा इशारा मोबाइलवर धाडणाऱ्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणेबद्दल बरेच छापून येते. यंत्रणा चांगलीच आहे. पण ज्या वाडीत रेंजच नाही, तिथे हा इशारा पोचवायचा कोणी? दूरसंचार खाते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडे, आपत्ती प्राधिकरण गृह मंत्रालयाकडे आणि ग्रामपंचायत राज्याच्या ग्रामविकास खात्याकडे. या वाटणीत डोंगरातली वाडी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

जपानमध्ये मुलीकडे राहायला गेलो असताना रोज संध्याकाळी पाचला खांबांवरच्या कर्ण्यांतून बालगीताची धून ऐकू यायची. मुलांनी घरी परतायची ती खूण, आणि कर्णे चालू आहेत ना याची रोजची तपासणीही. हे कर्णे नगरपालिकेचे. त्यांच्यामागे ‘सोमुशो’ हे एकच मंत्रालय आहे. २००१ मध्ये स्थानिक स्वराज्य आणि टपाल-दूरसंचार ही खाती एकत्र आणून ते उभे केले. बिनतारी यंत्रणेचा परवाना तेच देते, नगरपालिकांना केंद्रीय करांतला वाटाही तेच देते आणि अग्निशमन व आपत्ती संस्थाही त्याच्याच अखत्यारीत आहे. त्यामुळे त्सुनामीचा इशारा उपग्रहावरून थेट गावच्या कर्ण्यात उतरतो, मध्ये कोणाला बटण दाबावे लागत नाही. घरे सोडण्याचा आदेश मात्र नगराध्यक्षच देतो. मुसळधार पावसात, खिडक्या बंद असताना कर्णा ऐकू येत नाही, ही तिथलीही अडचण. म्हणून अनेक गावांत घरोघरी छोटे रिसीव्हर दिले आहेत.

आमच्या तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, ते बाहेरच्या जगाला कळले एसटीच्या चालकामुळे. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली.

आपल्या राज्यघटनेत दूरसंचार केंद्राकडे आणि स्थानिक स्वराज्य राज्यांकडे आहे, म्हणून जपानसारखे एकच मंत्रालय इथे होणार नाही, हे मान्य. पण काम एकत्र करायला कोणाची आडकाठी आहे? ‘भारतनेट’ची केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे काम २०११ पासून चालू आहे. सह्याद्रीतल्या दरडप्रवण गावांत त्याच केबलला, आणि ती तुटली तर उपग्रहाला, जोडलेले बॅटरीवरचे कर्णे वाडीवाडीवर बसवावेत. देखभालीचा खर्च ग्रामपंचायतीला वेगळा द्यावा आणि वाडी रिकामी करण्याचा अधिकार सरपंचाला लेखी द्यावा. रात्री दोन वाजता तहसीलदारांचा फोन लागण्याची वाट त्याला पाहायला लावू नये.

– एक वाचक, ता. आंबेगाव, जि. पुणे