शंभर पेट्यांचा संगणक

नौपाडा, ठाणे

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या सत्रात ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवणं तुझ्याकडे आलंय हे कळलं, म्हणून मुद्दाम लिहितोय. मुलांच्या हाती त्याचं सरावाचं किट देण्याआधी चार तास 'लिटल मॅन कॉम्प्युटर'ला दे. मनापासून सांगतो.

हे यंत्र कधी कारखान्यात बनलं नाही. एमआयटीत स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ मध्ये ते शिकवण्यासाठीच कल्पिलं. खोलीत एक छोटा माणूस, समोर ०० ते ९९ क्रमांकांच्या टपालपेट्या, एक कॅल्क्युलेटर, पुढची पेटी सांगणारा काउंटर आणि दोन ट्रे. पेटीत तीन आकडी संख्या: पहिला आकडा हुकूम, उरलेले दोन पत्ता. १ म्हणजे त्या पत्त्याच्या पेटीतली संख्या मिळव, २ म्हणजे वजा कर. ९०१ ने संख्या आत येते, ९०२ ने बाहेर जाते, ००० म्हणजे थांब. गुणाकार नाहीच!

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी-नववीची मुलं जमवली. भाची सानिका छोटा माणूस झाली. फळ्यावर ०० ते ०३ या पेट्यांत ओळीने ९०१, १०३, ९०२ आणि २०५ लिहिलं. आलेल्या संख्येत २०५ मिळवून उत्तर द्यायचं, एवढंच काम. थांबायचा हुकूम मुद्दाम गाळला होता. मी ४० दिले, तिने २४५ ची चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली आणि ०३ शी अडली. "मामा, ही संख्या आहे की हुकूम?"

मंदार, अख्खा विषय या प्रश्नात आहे रे! काउंटर ०३ वर आला, म्हणजे २०५ हा हुकूमच: ०५ मधलं वजा कर. पेटीवर काही वेगळं लिहिलेलं नसतं. मग मुलांनीच ०३ मध्ये ००० घातलं, २०५ खाली ०४ मध्ये सरकवलं. लगेच एकजण ओरडला, "अरे, आता १०३ चं १०४ करायला लागेल!" दर वेळी असे पत्ते कोण बदलत बसणार? पत्त्याच्या जागी नाव लिहायचं, पत्ता असेंब्लर, म्हणजे नावांचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम, शोधेल, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं.

८०८५ मध्येही प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मेमरीत असतात. पण तिथे हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे), फ्लॅग (निकालाच्या खुणा), रजिस्टरं (चिपमधल्या छोट्या साठवणजागा) आणि ६५,५३६ पत्ते एकदम अंगावर येतात. मग मुलं छापील ऑपकोड, म्हणजे हुकमांचे आकडे, किटवर बडवतात, उत्तर जुळलं की जर्नलवर सही. मला ते बघवत नाही.

शनिवारी ऐरोलीला येतोय, चिठ्ठ्या-ट्रे घेऊनच. तोवर बेरजेवर गुणाकार बसवून ठेव. ७ चा हुकूम, 'शून्य असेल तर उडी', लागेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत