भिंग पुसून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

स्मरणिका वाटून झाली. मुखपृष्ठाचं कौतुक झालं ते चित्रकाराचं, आणि ते रास्तच आहे. तुमचं नाव आत छापू का विचारलं तेव्हा "छे हो" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी मी छपाईवाल्यांची दोन दारं झिजवली होती. मुखपृष्ठाच्या छापील तावावर, गडद निळ्यावरच्या पिवळ्या फुलाभोवती पांढरी फट दिसत होती. पहिल्यांनी "फाइलच खराब आहे" म्हणून हात झटकले. दुसऱ्यांनी सरसकट सगळ्या अक्षरांना जाड कड मारली. बारीक मजकूर असा सुजला की 'घ' कुठला नि 'ध' कुठला कळेना. पैसे मात्र दोघांनीही मोजून घेतले.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. खिशातून भिंग काढलंत, शर्टाच्या टोकाने पुसलंत आणि माझ्या हातात दिलंत. ते पुसणं अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. आधीच्या दोघांनी मला नुसतं ऐकवलं होतं. बघा म्हणणारे तुम्ही पहिले.

भिंगाखाली ताव वेगळाच दिसला. कडेच्या रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसलेत का ते दाखवणाऱ्या फुल्या एकमेकींवर बसल्याच नव्हत्या, निळी जराशी सरकलेली. चार रंगांच्या चार प्लेटी, चार वेळा दाब, त्यात ऑफसेट छपाईत कागद पाणी पितो आणि ताणला जातो, केसभर हलणारच. फुलासाठी निळ्यात भोक पाडलेलं, पिवळ्यात निळ्याची एकही शाई नाही, मग फटीतून कागदच डोकावणार. "यात तुमचं काही चुकलेलं नाही," असं तुम्ही म्हणालात तेव्हा, खरं सांगतो, मला बसावंसं वाटलं.

मग फिकट रंग जरासा गडदात सरकवायचा, यालाच ट्रॅप म्हणतात, कारण आकार डोळ्याला गडद रंगाच्या कडेवरून कळतो, हे फुलावरच दाखवलंत. पाव पॉइंट फक्त, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्साही नाही. मी अधाशासारखा "अर्धा करू या" म्हणालो. "मग फुलाला काजळ घातल्यासारखं दिसेल," तुम्ही हसलात.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण दुसऱ्या महाशयांनी कड मारताना सगळ्याच मजकुराला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगात भोक न पाडता त्यावरच छापणं, लावून ठेवलं होतं. काळ्या ओळींना ते योग्यच, पण पांढऱ्या शीर्षकालाही! पांढरं म्हणजे शाईच नाही, छापताना ते निळ्यात गायब झालं असतं. पडद्यावर नीट दिसत होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. तुम्ही ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर दाखवणारी सोय, लावलीत आणि शीर्षक पुसलं गेलेलं दिसलं. हे बघायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं काम आपल्या घरचं असल्यासारखं निरखणारी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्या अर्धवटांची लाज राखली जाते.

नासलेला ताव मी टाकला नाही. त्यावर तुमच्या पेन्सिलीचा गोल आहे. भिंगही विकत घेतलंय. आणि पुढची फाइल पाठवताना ट्रॅप आधीच घातलाय की नाही, ते सोबत लिहून पाठवीन. नाहीतर प्लेट काढताना तो दुसऱ्यांदा लागतो, हे तुम्ही मला जिन्यापर्यंत सोडायला येत सांगितलं होतंत.

तुमचा,
फुलवाला