कुर्ल्याच्या काचवाल्या काकांना, मनापासून

काका नमस्कार. फोनवर तुम्ही आभार ऐकूनच घेत नाही, "त्यात काय एवढं, कामच आहे आमचं" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. आणि बाकीच्यांनीही वाचावं म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, काका माशांसाठी काचेच्या टाक्या बनवतात. माझा मावसभाऊ नोकरीसाठी मस्कतला गेला आणि त्याची स्टिंग रे, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा गोल मासा, आमच्याकडे डोंबिवलीला आली. मोटोरो जातीची मादी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातली, ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना त्या नद्यांमधली, तपकिरी अंगावर नारिंगी-पिवळे गोल ठिपके. आमची आई तिला भाकरी म्हणते आणि आता सगळेच म्हणतात. भावाला ज्या दुकानाने ती विकली त्यांनी चार फूट लांब आणि जेमतेम दीड फूट रुंद टाकी गळ्यात मारली होती, वर सांगितलं की मासा टाकीच्या मापातच वाढतो. अहो ही जात घरात ठेवली तरी दीड-दोन फूट रुंद होते, शेपूट वेगळीच, मग ती दीड फुटात वळणार कुठे? एवढा साधा प्रश्न विकणाऱ्याला पडू नये? आमच्याकडे आली तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंची हाडं (खरं तर कूर्चा, म्हणजे मऊ हाडासारखं) दिसत होती आणि अंगाच्या कडा वर वळायला लागल्या होत्या. रेच्या कडा अशा वळल्या की ती फार वाईट अवस्थेत आहे असं समजायचं, हे मला तुम्ही नंतर सांगितलंत. त्या दुकानात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मासा आहे मॅडम, मरतोच कधीतरी, दुसरा देऊ का?" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही माझ्या. दुसऱ्या एका दुकानवाल्याने बाटलीतलं औषध ओता आणि संध्याकाळीच नव्या टाकीत सोडा असं सांगितलं, बिल मात्र आधी केलं.

आणि मग आमच्या पेपरवाल्याच्या ओळखीतून तुम्ही भेटलात. तुम्ही पहिला प्रश्न बजेटचा नाही विचारलात, मजला कितवा ते विचारलंत. दुसरा म्हटल्यावर बीम कुठून जातो, कॉलम कुठे आहे, आणि मग मला कॅल्क्युलेटर काढायला लावून हिशोब करायला लावलात. सहा फूट बाय तीन फूट, पाणी दीड फूट, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, एक लिटरला एक किलो, शिवाय जाड काच, वाळू, लोखंडी स्टँड, सगळं मिळून टनाच्या आसपास. "इंजिनिअरला दाखवा, तो हो म्हणाला तरच मी काच कापतो." धंद्याच्या माणसाने स्वतःची ऑर्डर अशी अडवून धरलेली मी तरी आधी पाहिली नव्हती. आणि तेवढे दिवस भाकरीला तुम्ही तुमच्या दुकानातल्या मोठ्या निळ्या टबात ठेवलंत, गांडुळं आणि सोललेली कोळंबी घालून खाती केलीत, रोज रात्री दुकान बंद करताना फोन, "खाल्लं हो तिने". त्या फोनची आई वाट बघत बसायची.

पण मला खरं लिहायचंय ते वाळूच्या दिवसाबद्दल. टाकी बसली होती, बारीक वाळू धुऊन धुऊन पातळ थर पसरला होता, तुमचा पोरगा म्हणाला झालं बाबा, निघूया. तुम्ही निघाला नाहीत. शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळलीत, स्टुलावर चढून टाकीत वाकलात आणि हात उलटा करून मनगटाची आतली बाजू वाळूवरून फिरवायला लागलात, हळूहळू, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, जसं लहान बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. मी विचारलं तळव्याने का नाही बघत, तर म्हणालात, "तळवा काचेचं काम करून निबर झालाय, त्याला आता काही टोचत नाही. तिचं पोट मऊ असतं, ती दिवसभर याच्यावरच घासणार." मग मधेच थांबलात, दोन बोटांनी वाळू चाळली आणि शिंपल्याचा एक तुकडा काढलात, तांदळाच्या कणीएवढा असेल, एका बाजूने धारदार. तो माझ्या हातावर ठेवलात आणि परत वाकलात. आतले सिलिकॉनचे सांधेसुद्धा तसेच तपासलेत, एके ठिकाणी टोक वर आलं होतं ते ब्लेडने कापलंत. पाठ दुखत होती तुमची, उतरताना स्टँडला धरून उतरलात, मला दिसलं ते. कोणी सांगितलं नव्हतं, बिलात त्याचे पैसे नव्हते, आणि तो तुकडा तसाच राहिला असता तर कोणाला कधी कळलंही नसतं की जखम कशाने झाली.

काका, मी त्या दिवशी काहीच बोलले नाही कारण बोलले असते तर रडले असते. ज्या जीवाबद्दल मला "मरतोच कधीतरी" ऐकवलं गेलं त्याच्या पोटाला काय टोचेल याचा विचार करणारा माणूस माझ्या हॉलमध्ये उभा होता.

बाकीचंही आहेच. नव्या पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून होणारी विषं) शून्यावर येईपर्यंत मासा सोडायचा नाही, ती पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, घाई करायची नाही हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की आता आईसुद्धा टेस्ट किटचे रंग वाचते. तुमच्या चालू फिल्टरमधला, ते जिवाणू आधीच बसलेला जुना स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून, पिशवीत बांधून लोकलने घेऊन आलात, तेही गर्दीच्या वेळी. नळाच्या पाण्यात आधी अँटी क्लोरीन, हीटरला जाळी कारण ही त्याच्यावर जाऊन बसते आणि भाजलं तरी हलत नाही, लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. तिला जाळीने कधीच उचलायचं नाही, काटा अडकतो, टब पाण्यात बुडवून त्यातच घ्यायचं. आणि स्टँडवर तुमच्या अक्षरातला तो कागद अजून चिकटवलेला आहे, काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. माझ्या मुलाला तो तोंडपाठ आहे.

सोडलं त्या दिवशी ती टबातून सरकत वाळूवर आली, थोडा वेळ नुसती पडून, डोळ्यांमागची ती दोन छिद्रं उघडझाप करत (श्वासाचं पाणी ती तिथूनच आत घेते, तोंड खाली असतं ना), आणि मग कडा हलवून अंगावर वाळू ओढून घेतली. तुम्ही म्हणालात, "बसली. आता झोपा तुम्ही." आता कडा एकदम सपाट आहेत तिच्या, हाडं दिसत नाहीत, माझी चाहूल लागली की काचेवर पोट लावून वर येते.

अशी माणसं आहेत हो अजून, कोणी बघत नसलं तरी काम नीट करणारी, मग तो इस्त्रीवाला असो, गॅरेजवाला असो की रात्रपाळीची सिस्टर. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. फसवणाऱ्यांच्या तक्रारी आपण पानंच्या पानं लिहितो, मीही लिहिल्यात, पण मग अशा माणसांबद्दलही तेवढंच मोकळेपणाने लिहायला हवं ना.

आणि काका, दुसऱ्यांदा आलात त्याचे आणि स्पंजचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. किती झाले ते मुलाला मेसेज करायला सांगा, मी त्यावर वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. पाऊस उघडला की काकूंना घेऊन एका रविवारी जेवायला या. भाकरीला साडेसातला खायला देतो, त्याच्या आधी पोचा, त्या दिवशी तुम्हीच द्या तिला.