बोरन्हाण खरंच आठवतं का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सध्या वाचकांच्या ‘पहिल्या आठवणी’ येत आहेत. त्या वाचायला गोड आहेत. पण बालविकास हा आमचा शिकवण्याचा विषय असल्याने त्यातल्या वयांपाशी आम्ही दर वेळी अडखळतो. ‘मी दीड वर्षाची होते’, ‘माझं पहिलं बोरन्हाण लख्ख आठवतं’. एकाने तर पाळण्यातून दिसणारे आढ्याचे वासेही वर्णन केले आहेत. ही मंडळी खोटं सांगतात असं आमचं म्हणणं नाही. आठवण मनात असते, तिची गोडीही खरी असते. ती डोळ्यांनी आली, कानांनी आली की अल्बममधून आली, एवढंच आपलं आपल्याला कळत नाही. ते कसं तपासायचं यासाठी हे पत्र.

व्हिक्टर आणि कॅथरिन आँरी या फ्रेंच दाम्पत्याने १८९०च्या दशकातच लोकांना प्रश्नावली पाठवून पहिल्या आठवणीचं वय विचारलं होतं. बहुतेक उत्तरं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान पडली. त्यानंतर सव्वाशे वर्षं झाली, पाहण्या बऱ्याच झाल्या, तरी मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणीचं सरासरी वय तीन ते साडेतीनच्या आसपासच राहिलं. त्यापुढेही सहा-सात वर्षांपर्यंतच्या आठवणी विरळच असतात. उलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ६,६४१ जणांच्या एका पाहणीत ३८.६ टक्के लोकांनी आपली पहिली आठवण दोन वर्षांची किंवा त्याआधीची असल्याचं सांगितलं. त्यातल्या ८९३ जणांनी तर एक वर्ष किंवा त्याहून कमी वय सांगितलं. संशोधकांचा निष्कर्ष असा की यातल्या बऱ्याचशा आठवणी फोटो, घरात ऐकलेले किस्से आणि ‘लहान मूल म्हणजे बाबागाडी’ अशा सर्वसाधारण माहितीतून जुळून आलेल्या असाव्यात.

आता बोरन्हाण घेऊ, कारण आपल्याकडे घोटाळा सर्वात जास्त तिथेच होतो. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान ते करतात आणि पहिलं बहुधा मूल वर्षाचं व्हायच्या आतच होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं मूल, डोक्यावरून ओतलेले चुरमुरे, बोरं, गोळ्या. फोटो हमखास असतात आणि दर संक्रांतीला अल्बम निघतो. पंधरा वर्षांत तोच फोटो पन्नास वेळा पाहिला की फोटोतली चौकट आठवणीची चौकट होऊन बसते. ओळखायचं कसं? आठवणीत तुम्ही स्वतःला समोरून, पाटावर बसलेले पाहता का? मग ती जागा फोटो काढणाऱ्या काकाची आहे, तुमची नव्हे. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, कारण खऱ्या जुन्या आठवणीतही माणूस स्वतःला बाहेरून पाहू शकतो. म्हणून दुसरी खूण लावावी: फोटोत जे येऊच शकत नाही त्यातलं काही आठवतं का? गळ्याला टोचणारा हलवा, कपाळावर आपटलेलं बोर, खाली वाकल्यावर दिसलेले मोठ्या मुलांचे हात. अनेक घरांत पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करतात. चौथ्या वर्षीचं आठवत असेल तर ते अगदी शक्य आहे, फक्त त्याला ‘पहिलं’ म्हणू नये.

फोटोची ताकद किती, हे २००२ सालच्या एका प्रयोगात दिसलं. वीस जणांना त्यांच्याच बालपणीचा बनावट फोटो दाखवला: गरम हवेच्या फुग्यात बसलेलं मूल. ते कधीच फुग्यात बसलेले नव्हते. दोन आठवड्यांत तीन मुलाखती झाल्यावर त्यातल्या दहा जणांना ती सहल थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. फोटो नसला तरी चालतं. जाँ पियाजे हा बालमानसशास्त्रातला केवढा मोठा माणूस! पॅरिसच्या शांझेलिझेवर बाबागाडीतून आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, हे त्याला चित्रासारखं आठवत असे. तो पंधराएक वर्षांचा असताना त्या वेळच्या दाईने पत्र लिहून कळवलं की सगळा बनाव होता. पियाजे फसू शकतो तिथे आपली काय कथा?

मग तान्ह्या बाळाला काही लक्षातच राहत नाही का? राहतं. मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारखं खेळणं टांगून त्याची रिबिन बाळाच्या घोट्याला बांधली. पाय हलवला की खेळणं हलतं हे बाळ शिकतं. मग मध्ये खंड टाकून पाहायचं. दोन महिन्यांच्या बाळाला ते एक-दोन दिवस आठवतं, तीन महिन्यांच्या बाळाला आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाला सुमारे दोन आठवडे. २०२५ साली येल विद्यापीठात चार ते पंचवीस महिन्यांच्या मुलांचं मेंदूचं स्कॅन झालं. चित्र पहिल्यांदा पाहताना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची हालचाल जास्त झाली असेल तर पुढे ते चित्र ओळखीचं वाटत होतं. वर्षावरील मुलांत हे अधिक ठळक दिसलं. म्हणजे नोंद होते. पुढे ती सापडत का नाही, हा प्रश्न आहे. टोरांटोत उंदरांवर झालेल्या कामातून एक उत्तर मिळालं: त्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी इतक्या झपाट्याने तयार होतात की जुन्या जोडण्या विस्कटतात. माणसाच्या बाबतीत हेच कारण, असं मात्र अजून छातीठोकपणे म्हणता येत नाही. संमोहनाने ‘पाळण्यातलं’ आठवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नये. संमोहनाने आठवणीवरचा विश्वास वाढतो, अचूकपणा वाढत नाही.

आठवण पुढे न सापडण्याचं दुसरं कारण भाषेचं, आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. न्यूझीलंडमध्ये सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना एक गमतीचं यंत्र दाखवलं: मोठं खेळणं टाकायचं, तेच छोटं होऊन बाहेर येतं. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारलं. मुलांना यंत्र कसं चालवायचं हे हातांनी करून दाखवता येत होतं. पण सांगताना, घटनेच्या वेळी जो शब्द त्यांना येत नव्हता तो एकाही मुलाने वापरला नाही. मधल्या काळात तो शब्द शिकून झाला होता, तरीही. आठवण त्या वेळच्या शब्दांत बांधली जाते. नवी मुंबईच्या गावठाणात घरी आगरी बोलणारं मूल तिसऱ्या वर्षी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जातं, ठाण्याच्या सोसायटीत आजी मालवणी बोलते आणि आई-बाबा हिंदी-इंग्रजी मिसळतात. द्विभाषिक माणसांवरच्या अभ्यासात असं दिसलं आहे की ज्या भाषेत प्रसंग घडला त्याच भाषेत विचारलं तर त्या काळातल्या आठवणी जास्त निघतात. म्हणून आजीने आपल्या बोलीतच विचारावं. ‘मुलाचं इंग्रजी बिघडेल’ या धाकाने तिला गप्प बसवणं हा आमच्या मते शुद्ध तोटा.

हे आज लिहायचं कारणही आहे. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, तेव्हा जी मुलं तीन वर्षांची होती ती विसरण्याच्या उंबरठ्यावरून पुढे गेलेली आहेत. अमेरिकेत पॅट्रिशिया बाउर यांनी तीन वर्षांच्या मुलांचं ताज्या प्रसंगांबद्दल आईबरोबरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि पुढे पाच ते नऊ या वयांत त्याच प्रसंगांबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६३ ते ७२ टक्के प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्के. म्हणजे लहानपण आपण म्हातारपणी विसरत नाही, आठव्या वर्षीच विसरतो. सहा वर्षांचा असताना थाळी आणि चमचा हुबेहूब सांगणारा मुलगा दहाव्या वर्षी ‘कसली थाळी?’ म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नका. जे उरलेलं असतं ते मात्र मोठी मुलं अधिक तपशिलाने सांगतात.

काय उरतं हे बरंचसं घरातल्या बोलण्यावर ठरतं. न्यूझीलंडमधल्या २०००च्या एका अभ्यासात माओरी लोकांच्या पहिल्या आठवणीचं सरासरी वय सुमारे पावणेतीन वर्षं निघालं, युरोपीय वंशाच्या लोकांचं साडेतीनच्या पुढे. घरात भूतकाळ सविस्तर सांगण्याची माओरींची रीत हे त्याचं एक कारण मानलं जातं. पण बोलण्याची पद्धत चुकली तर उलटं होतं. ‘आपण येऊरला गेलो होतो ना? माकड पाहिलं ना? मज्जा आली ना?’ यात मुलाला ‘हो’ म्हणण्यापलीकडे काम नाही. आठवण आईची, मान मुलाची. त्याऐवजी ‘आज काय काय पाहिलं?’, ‘मग?’, ‘ते कुठे बसलं होतं?’ असं विचारावं आणि गप्प बसावं. दहाएक सेकंद शांततेची गेली तरी चालतील. मूल माकड सोडून वडापावच्या कागदाबद्दल बोलायला लागलं तर कागदाबद्दलच पुढे विचारावं. बाउर यांच्या अभ्यासातही संभाषणाची दिशा मुलावर सोडणाऱ्या आयांच्या मुलांना पुढे जास्त आठवत होतं. त्याच रात्री पाच-दहा मिनिटं, मग आठवड्याने, मग महिन्याने, एवढं पुरतं. मुलाचा शब्द सुधारू नये. ‘भुभूगाडी’ म्हणालं तर वहीत भुभूगाडीच लिहावं, खाली तारीख. फोनमधले हजारो फोटो यासाठी निरुपयोगी, कारण ते कुणी पाहत नाही. वर्षाचे बारा छापून घ्यावेत आणि मागे मुलाचं वाक्य लिहावं, ‘कित्ती गोड’ नव्हे.

मोठ्यांसाठी तपासणी वेगळी. क्रम महत्त्वाचा: आधी पानभर लिहायचं, अल्बम उघडायचा नाही, आईला किंवा थोरल्या भावाला फोन करायचा नाही. विचारल्यानंतर लिहिलेलं पान बाद समजा, कारण त्यांचं काय आणि आपलं काय हे पुन्हा वेगळं होत नाही. लिहून झाल्यावर ‘याआधी नाही’ आणि ‘यानंतर नाही’ अशा दोन तारखा शोधायच्या. त्यासाठी आपल्या भागासारखा भाग नाही. नवी मुंबईतली कितीतरी घरं कधी ना कधी बिऱ्हाड हलवूनच आली. सिडकोचं वाटपपत्र, ताबापत्र, पहिलं वीजबिल कपाटात असतंच. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला आणि धाकट्या भावंडाचा जन्मदाखला. सार्वजनिक खुणाही आहेत. वाशीला लोकल ९ मे १९९२ला सुरू झाली. कुणी १९८९च्या घरबदलात लोकलने वाशीला उतरल्याचं लिहीत असेल तर दोन आठवणी एकमेकींत शिरल्या आहेत. ठाणे–वाशी लोकल २००४ची. गणपती दूध प्यायले ती तारीख २१ सप्टेंबर १९९५. २६ जुलै २००५चा पूर तर सगळ्यांकडे आहे, पण तो जपून वापरावा: दर जुलैत टीव्हीवर तीच दृश्यं येतात, त्यामुळे गुडघाभर पाणी कुणाच्या गुडघ्याचं हे विचारावं लागतं.

गंमत अशी की तपासल्यावर आठवण नेहमी पुढेच सरकते असं नाही. कॅरोल पीटरसन यांच्या कामातून दिसतं की खऱ्याखुऱ्या लवकरच्या आठवणींचं वय लोक वर्षभरानेही जास्त सांगतात. साडेतीनची म्हणून सांगितलेली पालकांच्या नोंदीनुसार अडीचची निघते. पाळण्यातल्या वाशांवर आमचा विश्वास नाही. पण ‘साडेतीनची असेन’ असं संकोचाने लिहिणाऱ्या वाचकांनी जन्मदाखले जरूर काढून पाहावेत.

एक तपासणी घरातल्या घरात होते. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे डोळे ८५च्या आसपास. स्वयंपाकाचा ओटा ८० ते ८५ सेंटिमीटर. त्या वयात ओट्याची कड डोळ्यांसमोर येते, शेगडीवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते दिसत नाही. पातेल्यातला उकळता चहा वरून पाहिल्याचं आठवत असेल तर तुम्ही कडेवर होता, स्टुलावर होता किंवा सात वर्षांचे होता. नौपाड्यात आणि वाशी-नेरुळमध्ये जुन्या इमारती पाडून पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे ही मोजणी लवकरच अशक्य होईल. खोल्या रिकाम्या करण्याआधी फोन ८५ सेंटिमीटरवर धरून दार, ओटा, जिन्याचा कठडा आणि गॅलरीचे गज यांचे फोटो काढावेत, मोजपट्टी शेजारी धरून. सामान हलवल्यावर काढलेल्या फोटोंचा उपयोग कमी. पलंगाखालचा अंधार पलंग असतानाच दिसतो.

आपल्याला विनंती एवढीच. सदरासाठी आठवण पाठवणाऱ्यांकडून तीन ओळी जास्तीच्या मागवाव्यात: या प्रसंगाचा फोटो घरात आहे का, लिहिण्याआधी कुणाला विचारलं का, आणि वय कोणत्या कागदावरून ठरवलं. त्या मजकुराखाली बारीक अक्षरात छापाव्यात. फोटो आहे म्हणून आठवण नापास करू नये. वाचणाऱ्याला कळलं की झालं.

आपल्या,
बालविकास विषयाच्या काही शिक्षिका
नौपाडा, ठाणे आणि नेरुळ, नवी मुंबई