आधी काय करशील? – पिट्सबर्गमधल्या लेकीला पत्र

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

ईएमटीच्या, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाच्या, परीक्षेची तारीख मिळाली, हे ऐकून फार बरं वाटलं. तू परवा म्हणालीस, "आई, वाचलेलं सगळं आठवतं, पण सरावाच्या प्रश्नांत दोन-दोन उत्तरं बरोबर वाटतात." फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेली, त्यामुळे याबद्दल मी खात्रीने बोलू शकते.

अगं, ती दोन्ही उत्तरं बरोबरच असतात. विचारलेलं असतं ते आधी काय करशील, एवढंच.

समज, पेशंटचा श्वास मिनिटाला सहा, तोही उथळ, ओठ निळे पडलेत. एका पर्यायात नॉन-रिब्रीदर मास्क, म्हणजे पेशंटने स्वतः श्वास ओढायचा तो ऑक्सिजनचा मास्क, आणि मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन; दुसऱ्यात बॅग-व्हॉल्व्ह-मास्क, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची आपली अँबू पिशवी. ऑक्सिजन कमी आहे म्हणून पुष्कळ मुलं मास्क निवडतात. पण जो श्वासच पुरेसा ओढत नाही, त्याच्या तोंडावर १५ लिटर सोडले तरी आत किती जाणार? तिथे अँबूच हवी. मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांना एक श्वास, छाती जेमतेम वर येईल इतकाच. घाबरून जोरात दाबलीस तर हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती उलटी फुप्फुसात उतरते.

अँबू लावायची तर श्वासाची वाट मोकळी हवी. हायवेवरचे अपघात आमच्याकडे जीपच्या मागच्या सीटवर घालून आणायचे. मान छातीवर दुमडलेली, घशात घरघर. नातेवाईक पायाचं मोडलेलं हाड दाखवत ओरडत असायचे, कारण डोळ्यांना तेच दिसतं. मी डोक्याशी उभी राहून जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटं घालायचे आणि मान न हलवता जबडा पुढे उचलायचे. मागे पडलेली जीभ सुटायची आणि घरघर तिथल्या तिथे थांबायची. मग सक्शन, म्हणजे घशातलं रक्त, उलटी नळीने ओढून काढायची. हाडाकडे नंतर. फक्त रक्ताची चिळकांडी उडत असेल तर पहिला हात तिथे, आणि त्याही आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं. तुटलेली वीजतार पडलेली असताना धावत जाणारी ईएमटी म्हणजे आणखी एक पेशंट. असे किती जण वाटेत गेले, ज्यांचा जबडा कुणी वीस मिनिटं धरून ठेवला असता तरी ते वाचले असते. आपल्या महाराष्ट्रात १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स आली २०१४ साली. तू हे शिकतेस याचा मला एवढा आनंद का होतो, ते यावरून समज.

औषधं मोजकीच आहेत, पण ती कधी द्यायची नाहीत हे जास्त पाठ कर. छातीत दुखतंय, खिशात स्वतःची नायट्रोग्लिसरीन आहे, पण वरचं बीपी ८४: द्यायची नाही, तिने बीपी आणखी घसरतं. व्हायग्रासारख्या गोळीवर ती दिली तरी बीपी धोकादायक घसरतं, म्हणून तशी गोळी घेतली होती का, हेही न लाजता विचारायचं. शुगर घसरलीय पण गिळता येत नाही: तोंडातून ग्लुकोज नाही.

परीक्षेत कॉम्प्युटर ७० ते १२० प्रश्न विचारेल, वेळ दोन तास. बरोबर उत्तर दिलंस की पुढचा प्रश्न अवघड येतो, म्हणून अवघड वाटू लागलं की घाबरू नकोस. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. सत्तराव्या प्रश्नाला पडदा बंद झाला तरी त्यावरून पास-नापास ठरवत बसू नकोस.

तुझ्याच गावात १९६७ साली फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली, हे तुला वर्गात सांगितलं का? तोवर तिथे पेशंट पोलिसांच्या गाडीतून नेत. तिथल्याच हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतल्या बेकार कृष्णवर्णीय तरुणांना भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफार यांनी शिकवून तयार केलं. सफार यांची स्वतःची लहान मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली होती. तुमची राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली ती १९७० साली, म्हणजे ही पोरं तिच्याही आधी रस्त्यावर होती. हिल डिस्ट्रिक्टमध्ये एकदा जाऊन ये.

आणि एक, आजच बघ. परीक्षेच्या खात्यावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे बाबांचं नाव मधे येतं, ते एकीकडे असलं आणि दुसरीकडे नसलं तर केंद्रावर अडवू शकतात.

निकाल एक-दोन कामाच्या दिवसांत येतो. इथे रात्र असली तरी फोन कर. नाहीच जमलं तर १५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, त्या फीचे पैसे बाबांनी आधीच बाजूला काढलेत.

तुझी,
आई